कासीदने लावलेला अर्थ

कासीद सातव्या आवृत्तीवर गेला त्या दिवशी पेढे मीच वाटले होते. हे आधीच सांगते, कारण नंतर चौकशीत प्रत्येकाने मला तेच ऐकवलं. जणू पेढ्यांमुळेच सगळं झालं.

सावरखिंडीच्या भूमिगत वीजगृहात मी कासीद ही संदेशप्रणाली सांभाळते. नातेवाईकांना हे काम समजावून सांगताना माझी अर्धी दिवाळी जाते, तेव्हा इथे थोडक्यात सांगते. डोंगराच्या पोटात आमची शेकडो यंत्रं आहेत. टर्बाइन, पाण्याचे दरवाजे, पंखे, पंप, पाण्याची पातळी मोजणारी साधनं. ही यंत्रं एकमेकांशी थेट बोलत नाहीत. ज्याला जे सांगायचं ते त्याने कासीदकडे द्यायचं, ज्याला जे ऐकायचं त्याने कासीदकडे आपली मागणी नोंदवायची. पातळी मोजणाऱ्याने ‘पाणी चढलं’ म्हणून सांगितलं की कासीद तो निरोप दरवाजाला, पंपाला, भोंग्याला, ज्याने ज्याने मागितला असेल त्याला नेऊन देतो. घेणारा बंद असेल तर निरोप जपून ठेवतो आणि पोच मिळेपर्यंत टाकत नाही. यंत्रांचं टपाल खातं म्हणा हवं तर.

सहावी आवृत्ती साधीसुधी होती. पाकिटात काय आहे हे ती बघत नसे. सातवी पाकीट फोडून वाचते, आणि तिला माणसाचं बोलणंही कळतं. हेल्मेटच्या माईकमध्ये आपण जे बोलतो तोही तिच्या दृष्टीने निरोपच. त्याचा अर्थ लावायचा आणि योग्य यंत्रांपर्यंत पोचवायचा, हे सातवीचं नवं काम. आम्हाला त्याची गरजही होती. बोगद्यात कोण आहे हे कळायला पूर्वी बोगद्याच्या तोंडाशी कार्ड लावावं लागे. कार्डाला चिखल लागे, कोणी दुसऱ्याचं लावे, कोणी लावायलाच विसरे. खडकातून सिग्नल जात नाही, त्यामुळे माणूस आत नेमका कुठे आहे हे दाखवणारं कुठलंच साधन तिथे चालत नाही. बोगद्याच्या तोंडाशी एक केबल आहे, तिथपर्यंत आवाज पोचतो. त्याच्या पुढे सगळं मुकं. म्हणून ठरलं, की आत शिरताना माणूस जे बोलेल त्यावरून कासीदने ओळखायचं.

चाचणीची वाक्यं मी लिहिली होती. ‘मी तपासणी बोगद्यात प्रवेश करीत आहे.’ ‘मी तपासणी बोगद्यातून बाहेर पडत आहे.’ कासीद बनवणाऱ्या कंपनीचे निरीक्षक समोर बसलेले, त्यामुळे आमची माणसंही अंगात इस्त्रीचा शर्ट घातल्यासारखी बोलली. फिटर जगू लोखंडे एरवी शिवीशिवाय पाना उचलत नाही, पण माईकसमोर त्याने ‘करीत आहे’मधला ‘त’सुद्धा स्पष्ट उच्चारला. कासीदने सगळी वाक्यं बिनचूक ओळखली. निरीक्षक खूश झाले, वीजगृहाचे प्रमुख मोकाशी साहेब खूश झाले, आणि मी पेढे आणले.

सातवी चालू झाली त्या सकाळी माझा नवरा, शार्दूल, पेढा खायला नियंत्रण कक्षात आला. तो बांधकाम विभागात आहे. उपबोगद्याच्या अस्तराला चिरा गेल्यात का हे पाहायला त्याला त्या दिवशी आत जायचं होतं. उपबोगदा म्हणजे मुख्य बोगद्याची फांदी. एरवी त्यातून पाणी वाहतं, तपासणीसाठी वरचा दरवाजा बंद करून तो कोरडा ठेवला होता.

“मॅडमनी कासीदला बोलायला शिकवलं,” तो मोकाशी साहेबांना म्हणाला, “आता घरी मला शिकवतील.”

“ऐकायला शिकवलंय,” मी म्हणाले. “तेच तुला जमत नाही.”

मोकाशी साहेब हसले. शार्दूलने दुसरा पेढा उचलला, माझ्या खुर्चीच्या पाठीवर थाप मारली आणि गेला. त्याच्याकडे मी नीट पाहिलंही नाही. पडद्यावर हिरव्या खुणा येत होत्या आणि मला त्यांचंच कौतुक होतं.

त्यानंतर बराच वेळ सगळं सुरळीत होतं. किनाऱ्याकडे ढग आले, तिकडची सौरवीज बसली, आणि ग्रीडने आमच्याकडे वीज मागितली. हे रोजचंच आहे. कासीदने मागणी घेतली, मोकळं पाणी कुठून घ्यायचं ते पाहिलं, आणि पडद्यावर ओळ उमटली. ‘उपबोगदा रिकामा. वरचा दरवाजा उघडत आहे.’

“बघा साहेब,” मी म्हणाले. “सहावी असती तर आधी आपल्याला दहा वेळा विचारलं असतं.”

तेवढ्यात जगू आत आला. त्याने पेढ्यांचा डबा आपल्याकडे ओढला. “मॅडम, बॅटरी हाये का कुठं चार्ज केलेली? माझ्या दिव्याची गेली. शार्दूलसाहेब म्हणाले, तू घिऊन ये, मी तवर पुढं हुतो.”

“पुढे म्हणजे?” मी विचारलं.

“म्हंजे आत. उपबोगद्यात.”

मी पडद्याकडे पाहिलं. रिकामा. दरवाजा उघडत आहे. मी शार्दूलच्या नावावर बोट ठेवलं आणि कासीदने ऐकलेलं त्याचं शेवटचं वाक्य समोर आलं. ते त्याने बोगद्याच्या तोंडाशी, जगू बॅटरीसाठी मागे वळला तेव्हा म्हटलं होतं.

‘चल, येतो रे.’

खाली कासीदने लावलेला अर्थ होता. ‘बोलणारा बाहेर येत आहे. खात्री अतिशय जास्त.’

आपल्यात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. पोरगं शाळेत निघालं तरी ‘येतो’, सैनिक सीमेवर निघाला तरी ‘येतो’. चुकून कोणी ‘जातो’ म्हणालं की घरातलं कोणीतरी दारातून ओरडतं, येतो म्हण, येतो म्हण. हे मला, शार्दूलला, जगूला, चाचणीत बोललेल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं, आणि चाचणीचं वाक्य लिहिताना आमच्यापैकी एकालाही ते आठवलं नाही. आम्ही कासीदला कोणीच न बोलणारी मराठी शिकवली आणि शंभर टक्के गुण दिले.

“बंद करा!” मी ओरडले. “साहेब, तो आत आहे!”

मोकाशी साहेबांनी आणीबाणीचं लाल बटण दाबलं. पूर्वी त्या बटणापासून तार थेट दरवाजापर्यंत जायची. आता बटणही कासीदला निरोपच देतं. लगेच उत्तर आलं. ‘उघडणारा दरवाजा मध्येच थांबवल्यास कंपनाने मोडण्याचा धोका. बोगद्यात मनुष्य नाही. विनंती रांगेत ठेवली आहे.’

कासीदचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच भयंकर होतं. जोरात पाणी वाहत असताना दरवाजा अर्ध्यावर अडवला तर तो थरथरून निखळू शकतो. माणूस आत असेल तरच तो धोका पत्करायचा असा नियम होता, आणि तो नियमही आमचाच.

मी माईक ओढला. “शार्दूल शेलार उपबोगद्यात आहे. आत आहे तो!”

‘शार्दूल शेलार यांनी स्वतः दिलेली माहिती वेगळी आहे. व्यक्तीच्या ठिकाणाबाबत त्या व्यक्तीचं स्वतःचं वाक्य ग्राह्य. नव्या वाक्याची प्रतीक्षा.’

जगूनेही माईकमध्ये सांगितलं, त्यालाही तेच उत्तर. मग डबा तिथेच टाकून तो बोगद्याकडे धावत सुटला. पण तोंडापर्यंतच लांबचं अंतर, आणि तिथून हाक मारली तरी आत ऐकू जाणार नव्हती.

“मागे जा!” साहेब म्हणाले. “सहावीवर ने परत!”

“नाही नेता येत. सातवीने साठवलेले निरोप सहावीला वाचता येत नाहीत. आणि कासीद बंद केला तर दरवाजा शेवटचा मिळालेला हुकूम पूर्ण करतो. म्हणजे उघडतो.”

“मग काय करायचं?”

पातळीचा आकडा चढायला लागला होता. उपबोगद्याच्या वरच्या टोकाला पाणी आलं होतं. शार्दूल त्याच टोकाला असणार, चिरा तिकडेच जास्त होत्या.

काय करायचं ते मला ठाऊक होतं. मघापासूनच ठाऊक होतं, पण मी त्या विचाराला जवळ येऊ देत नव्हते.

काही वर्षांपूर्वी एका खाणीत माणसं मेली आणि मालकांनी ते दडवून ठेवलं. घरच्यांना कळलं तेव्हा काहीच उरलं नव्हतं. त्यानंतर कायदा झाला. कामावर कोणी दगावल्याचा निरोप संदेशप्रणालीत आला की तिथली सगळी यंत्रं त्याच क्षणी सुरक्षित स्थितीत जातात. दरवाजे काही विचार न करता बंद होतात, मोडले तर मोडले. आणि त्याच क्षणी तो निरोप घरच्या माणसाला जातो. सांगणाऱ्याच्याच आवाजात, म्हणजे मधल्या कोणाला शब्द फिरवता येऊ नयेत. तो एकदाच जातो, नक्की जातो, आणि कोणालाही मागे घेता येत नाही. मेलेला माणूस स्वतः काही सांगू शकत नाही, म्हणून इथे दुसऱ्याचा शब्द चालतो.

शार्दूलने घरचं माणूस म्हणून आईंचं नाव दिलं होतं. लग्नानंतर ते बदलायचं राहिलं आणि मी त्यावरून त्याला अधूनमधून टोमणे मारत असे. आई वर वसाहतीत, आमच्याच घरी होत्या. वर्षापूर्वी त्यांच्या छातीत ठोके सांभाळणारं यंत्र बसवलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना कसलाही धक्का देऊ नका.

मी साहेबांना एवढंच म्हणाले, “आईंना फोन लावा.”

त्यांना माझ्या मनातलं कळलं. “ऋजुता, अगं असं कसं… स्वतःच्या तोंडाने…”

“लावा फोन!”

त्यांनी लावला. घंटा वाजत राहिली, आईंनी उचलला नाही. बहुधा मागे अंगणात असतील. पाणी काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हतं.

मी माईक तोंडाशी धरला आणि म्हणाले, “शार्दूल शेलार गेला.”

‘गेला’चा अर्थ कासीदला पक्का शिकवला होता. तो शब्द कंपनीने आवर्जून आमच्याकडून तपासून घेतला होता. उत्तर आलं. ‘मृत्यूची सूचना. बोलणाऱ्याचा आवाज सूचनेशी जुळत नाही. खात्री कमी. पुन्हा सांगा.’

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. खोट्या सूचनांनी वीजगृह बंद पडू नये म्हणून कासीद नुसते शब्द ऐकत नव्हता, आवाजही ऐकत होता. मी वर्दी दिल्यासारखं बोलले होते, म्हणून त्याने माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

म्हणजे मला ते खरं मानून बोलावं लागणार होतं.

मी पडद्यावरचा चढता आकडा पाहिला. अंधारात हातातला दिवा वर धरून उभा असलेला शार्दूल मला दिसला. आधी पायाशी पाणी आलं असेल, त्याला वाटलं असेल, कुठे गळती लागली. मग आवाज ऐकू आला असेल. त्याने हेल्मेटमध्ये माझं नाव घेतलं असेल आणि खडकाने ते गिळलं असेल. त्याला कळलं असेल, की हे माझ्या बायकोने केलं. मी ते सगळं पाहिलं, शेवटपर्यंत पाहिलं. वाचवायचं सोडून मी त्याला माझ्या डोळ्यांसमोर मरू दिलं.

“गेला हो,” मी म्हणाले. “माझा शार्दूल गेला. मी मारलं त्याला. गेला तो.”

तो आवाज माझा नव्हता. इतका की मोकाशी साहेब खुर्चीतून उठून मागे सरकले.

वीजगृह थांबलं. सगळंच एकदम थांबलं. पंख्यांची घरघर, टर्बाइनचा हुंकार, पायाखालची ती कायमची थरथर, जी आहे हे आम्ही विसरूनच गेलो होतो. कुठेतरी वर लोखंड करकरलं, मोठा दणका झाला, आणि पडद्यावर दोन ओळी एकाखाली एक आल्या.

‘वरचा दरवाजा बंद.’

‘निरोप पोचला. इंदुमती शेलार यांनी पूर्ण ऐकला.’

पूर्ण ऐकला. फोनची घंटा मागच्या अंगणात ऐकू जात नाही, पण कायद्याचा निरोप घरातल्या प्रत्येक भिंतीतून बोलतो. मी पुन्हा फोन लावला. आता तो लागतच नव्हता. साहेबांनी वसाहतीत दुसऱ्या घरी लावला, तिकडे कोणी उचलेना. बहुतेक सगळे आमच्या घराकडे धावले असणार.

आणि शार्दूलचं काही कळेना. पाण्याचा आकडा थांबला होता, पण जिथे थांबला होता तिथे माणूस उभा राहू शकतो की नाही हे मला सांगता येईना. आकडेमोड हे माझं कामच, पण त्या वेळी दोन आकडे एकत्र राहीनात. मग पडद्यावर आणखी एक ओळ आली.

‘मृत व्यक्तीच्या नावाने आवाज आला आहे. निरोप अडवला आहे.’

ती ओळ मी वाचली, परत वाचली. अर्थ समोर होता, पण विश्वास ठेवायची हिंमत होईना. आत्ताच एकदा विश्वास ठेवून बसले होते. एवढ्यात जगूचा आवाज आला, धापा टाकणारा. “सापडले! मॅडम, साहेब सापडले!”

सापडले. तोही तसलाच शब्द. सापडलं काय, माणूस की…

“कसे सापडले?” मी ओरडले. “जगू, नीट सांग! जिवंत आहे का?”

“मंग? आईमाईवरून शिव्या द्यायलेत! छातीपातुर पाण्यात शिडी धरून हुते. कुणी सोडलं पाणी म्हून इचारत्यात, काय सांगू?”

मी खुर्चीत बसले ते उठलेच नाही. मोकाशी साहेब भिंतीकडे तोंड करून रडत होते.

शार्दूल वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि दात वाजत होते. मी त्याला काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं, पण त्याने फक्त विचारलं, “आईला?” मी मान हलवली. त्याने माझा फोन घेतला, घरी लावला, ‘आई, मी बोलतोय’ म्हणाला. फोन गप्प. पुन्हा म्हणाला, पुन्हा गप्प. आमचे फोनही कासीदमधूनच जातात; त्याच्या हिशोबी त्या आवाजाचा माणूस जगात नव्हता, आणि नसलेल्या माणसाचे निरोप तो कुठेच नेत नाही. शार्दूल फोनकडे बघत राहिला. आपण मेलो आहोत हे त्याला पाण्यात पटलं नव्हतं, ते तिथे पटलं असावं.

मी सांगते असं म्हणून मी फोन हिसकावून घेतला. मग थांबले. मघाशी जो आवाज ऐकून आईंनी पोरगा गेल्याचं मानलं, त्याच आवाजाने आता तो आहे म्हणून सांगायचं? आम्ही जीपमध्ये बसलो. वळणांवरून जीप चढत होती. आई असतील का, एवढाच प्रश्न होता, आणि तो विचारायला दोघांचंही तोंड उघडत नव्हतं.

घरासमोर गर्दी होती. शार्दूलला पाहून एक बाई किंचाळली. लोक दोन्ही बाजूंना सरकले. त्याच्या अंगाला स्पर्श होऊ नये म्हणून सरकले की वाट द्यायला, मला सांगता येणार नाही.

आई आत जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे कोरडे. त्यांनी शार्दूलला पाहिलं आणि त्या हलल्याच नाहीत. तो पुढे होऊन गुडघ्यांवर बसला, “आई, अगं मी आहे,” म्हणाला. त्यांनी हात वर केला, त्याच्या ओल्या केसांत घातला, मग गालावर, मग छातीवर ठेवला आणि तसाच दाबून धरला. म्हणाल्या, “गार पडलायस. कापडं बदल जा.”

तो उठेना. त्यांनीच त्याला ढकललं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारातच उभी होते. त्या घरात कशी शिरू हे मला सुचत नव्हतं.

“तुझाच आवाज व्हता,” त्या म्हणाल्या. “म्हणून खरं वाटलं मला. दुसऱ्या कुणाचा असता तर न्हाई वाटलं.”

“हो आई.”

“मला ऐकू जाणार, हे ठावं व्हतं तुला?”

“हो.”

“छातीतल्या यंत्राचं?”

“तेही.”

“तरीबी बोललीस.”

मी मान खाली घातली. त्यांनी जे म्हणायचं ते म्हणावं, हाकलायचं तर हाकलावं, याची मी वाट पाहत होते.

“हितं ये,” आई म्हणाल्या. मी त्यांच्यापुढे जाऊन बसले. त्यांनी माझा हात घेतला.

“पोरी, माझ्याच्यानं न्हाई झालं असतं,” त्या म्हणाल्या. “माझ्या जिभंला त्यो शबुद फुटलाच नसता. मी आपली नको नको करत बसले असते, आणि तवर माझं लेकरू खरंच गेलं असतं.”